नाम, ग्राम आणि गोत्र : अनुसरलेल्याच्या नावाचा विचार

आचारप्रकरणात सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी साधकाला तीन संबंध सोडावयास सांगितले आहेत. पहिला स्वदेशाचा, दुसरा स्वग्रामाचा आणि तिसरा संबंधियांचा. यांतील तिसऱ्यावर विशेष भर दिलेला आहे. या आज्ञेचे निरूपण करताना वास्तव्य, ममता आणि आप्तांची ओढ यांचा विचार बहुधा होतो, आणि तो योग्यच आहे. परंतु या तिहींचा आणखी एका गोष्टीशी निकटचा संबंध आहे; ती म्हणजे मनुष्याचे नाव. जगातील नाना समाजांची आडनावे पाहू गेल्यास त्यांतील बरीचशी याच तीन मुळांतून उगवलेली दिसतात. काही देशावरून पडली, काही गावावरून, आणि काही बापाच्या, आईच्या वा कुळाच्या नावावरून. धंद्यावरून वा शरीराच्या एखाद्या खुणेवरून पडलेली आडनावे ती चौथी. तेव्हा ज्याने देश, ग्राम आणि गोत्र या तिहींचा संबंध सोडला, त्याला हाक कोणत्या नावाने मारावी, ही शंका सहज उत्पन्न होते.

शंका एवढ्यावरच थांबत नाही. ग्रामसंबंध त्याज्य म्हणावा, तर शिशुपालवधकर्ते भास्करभट्ट हे बोरीकर का? ऋद्धिपूरवर्णनाचे कर्ते नारो व्यास हे बहाळिये का? ज्ञानप्रबोधकार विश्वनाथ हे बाळापूरकर का? बोरी, बहाळ आणि बाळापूर ही तिन्ही गावांची नावे होत. सोडलेले गाव नावाला चिकटून राहिले, असे यावर कोणी म्हणेल. हा आक्षेप वरवरचा वाटला, तरी त्याचे उत्तर शोधण्यासाठी लीळाचरित्रातील नावे कशी घडली आहेत, हे प्रथम पाहिले पाहिजे.

लीळाचरित्रात आजच्या अर्थाचे आडनाव जवळजवळ आढळत नाही. तेथे मनुष्याचे मूळ नाव असते, त्याला आदरवाचक शब्द जोडलेला असतो, आणि ओळखीसाठी आवश्यक तेव्हाच गावाचा उल्लेख येतो. पुरुषनामांच्या शेवटी येणारा ‘बास’ हा ‘व्यास’ या शब्दाचा लोकांच्या मुखात झिजलेला आकार होय. केशिराज व्यास ते केसोबास, रवळो व्यास ते रवळोबास. आणि नागदेवाचार्यांना सर्वजण ‘भट’ म्हणत, त्यालाच बास जोडून भटोबास. स्त्रीनामांच्या शेवटी ‘आइसा’ येते, ज्यात आई हा शब्द असून ‘सा’ हा आदर दाखवितो. नागुबाई त्या बाइसा. महदंबा त्या महदाइसा, आणि त्यांनाच रूपाई असेही म्हणत. भटोबासांच्या मातोश्री त्या आबाइसा. ‘राऊळ’ हा शब्द ‘राजकुल’ यापासून आलेला आहे. गुंडम राऊळ, चांगदेव राऊळ यांच्या नावांत तो आदराचा आहे, कुळाचा नाही. ‘गोसावी’ हा ‘गोस्वामी’ शब्दाचा अवतार. आज ही दोन्ही नावे महाराष्ट्रात आडनावे म्हणून नांदत आहेत, आणि ती धारण करणाऱ्या अनेकांना त्यांच्या मूळ अर्थाची कल्पनाही नसते. एका काळी जो आदर होता, तो पुढच्या काळी आडनाव झाला.

स्वतः स्वामींच्या नावाचा क्रम विशेष मननीय आहे. भडोच येथील प्रधान विशाळदेव यांच्या पुत्राचे नाव हरपाळदेव. हे घराण्याने ठेवलेले नाव. ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंची भेट झाल्यावर त्यांनी ‘चक्रधर’ हे नाव दिले, असे परंपरा सांगते. लीळाचरित्रात मात्र म्हाइंभट पानोपानी ‘सर्वज्ञ’ आणि ‘गोसावी’ असेच लिहितात. ती भक्तांच्या मुखातील नावे होत. एक नाव जन्माने दिले, एक गुरूने दिले, आणि एक शिष्यांनी दिले. गुरूने दिलेल्या नावाचा अर्थ पाहिला म्हणजे आणखी एक गोष्ट लक्षात येते. चांगदेव राऊळ यांना आपण श्रीचक्रपाणी म्हणतो. चक्रपाणी म्हणजे ज्याच्या हाती चक्र आहे तो, आणि चक्रधर म्हणजे चक्र धारण करणारा. दोन्ही नावांचा अर्थ एकच. हरपाळदेवाच्या शरीरी चक्रपाणींचाच अवतार झाला, अशी परमार्गाची श्रद्धा आहे. ती ज्याला ठाऊक आहे, त्याला ऋद्धिपुरात ठेवलेल्या या नावाचा रोख वेगळा सांगावा लागत नाही.

आता जगातील आडनावांकडे वळू. कुळाचे नाव पिढ्यान्‌पिढ्या लावण्याची पद्धत फार प्राचीन आणि सार्वत्रिक आहे, अशी समजूत आहे. ती बरोबर नाही. चीनमध्ये ती खरोखर प्राचीन आहे. इतर अनेक देशांत ती सरकारी कचेरीत जन्मली. जपानमध्ये सर्व सामान्य प्रजेला आडनाव लावणे सक्तीचे झाले ते १८७५ मध्ये. ‘तानाका’ म्हणजे भातखाचराच्या मधला, ‘यामामोतो’ म्हणजे डोंगराच्या पायथ्याचा. अशी शेताबांधावरची नावे तेथे विपुल आहेत. फिलिपिन्स बेटांवर स्पॅनिश गव्हर्नर क्लावेरिया याने १८४९ मध्ये हुकूम काढून आडनावांची एक वर्णानुक्रमाने रचलेली यादीच गावोगाव पाठविली. काही प्रांतांत एकेका गावाच्या वाट्याला यादीचे एकेक पान आले, आणि तेथील बहुतेक घराण्यांची आडनावे एकाच अक्षराने सुरू होऊ लागली. कुळाचा, धंद्याचा वा गुणाचा त्या नावांशी काडीचाही संबंध नव्हता. करवसुलीच्या वह्या नीट राहाव्यात, एवढाच हेतू. तुर्कस्तानात आडनावाचा कायदा १९३४ चा आहे, आणि मुस्तफा केमाल यांना ‘आतातुर्क’ म्हणजे तुर्कांचा पिता हे आडनाव त्याच वर्षी तेथील संसदेने दिले. याउलट आइसलँडमध्ये बहुसंख्य लोकांना आजही कुळनाम नाही. योनचा मुलगा तो योनसन, त्याची मुलगी ती योन्सदोत्तिर; पुढच्या पिढीत योन हे नाव गळून पडते. तेथील दूरध्वनीच्या यादीतही माणसे स्वतःच्या नावाच्या अनुक्रमाने लावलेली असत. १९२५ च्या कायद्याने तर नवी कुळनामे घेण्यासच तेथे बंदी केली. एवढे सारे राष्ट्र कुळनामावाचून चालते, तेव्हा आडनावाशिवाय व्यवहार अडतो हे म्हणणे टिकत नाही.

महाराष्ट्रात तर आरंभीची मोठी नावे आईची आहेत. नाशिकजवळच्या लेण्यांतील प्रसिद्ध शिलालेखात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याची कीर्ती त्याची माता गौतमी बलश्री हिने कोरविली आहे, आणि तो लेख वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या राज्यकाळातील आहे. गौतमी, वासिष्ठी ही त्या मातांची गोत्रदर्शक नावे. पुढे वतनांचा काळ आला. पाटील, कुळकर्णी, देशमुख, देशपांडे ही हुद्द्यांची नावे घराण्याला जडली, आणि हुद्दा गेल्यावरही राहिली. ज्यांना वतन नव्हते, त्यांना गाव सोडल्यावर गावाचे नाव मिळाले. येथे एक सूक्ष्म गोष्ट आहे. गावात राहणाऱ्याला कोणी त्या गावाचा ‘कर’ म्हणत नाही. बोरीत सगळेच बोरीचे. तेथे भास्करभट्टांना बोरीकर म्हणून कोण हाक मारणार? हे नाव बोरी सोडल्यावर, परगावच्या लोकांनी दिलेले असते. ग्रामनाम हे अशा रीतीने ग्रामत्यागाचीच खूण ठरते. वरच्या शंकेचे अर्धे समाधान येथे झाले.

उरलेल्या अर्ध्यासाठी थोडे दूर, चौथ्या शतकातील चीनमध्ये जावे लागेल. कारण अनुसरलेल्याने कोणते नाव धारण करावे, हा प्रश्न त्या देशात अगदी उघडपणे उभा राहिला आणि त्याचा निर्णयही झाला.

बौद्ध धर्म चीनमध्ये नेणारे पहिले आचार्य परदेशी होते. चिनी लोकांनी त्यांना त्यांच्या देशावरून कुलनामे दिली. भारतास ते ‘तिएनचू’ म्हणत, म्हणून भारतातून आलेल्याचे कुलनाम ‘चू’. पार्थियातून आलेल्याचे ‘आन’. युएची लोकांपैकी असलेल्याचे ‘ची’. या आचार्यांपाशी जे चिनी तरुण भिक्षू झाले, त्यांनी घरचे कुलनाम टाकून गुरूचे घेतले. चीनसारख्या देशात, जेथे पितरांची पूजा हाच धर्माचा गाभा आणि कुलनाम हे पितरांचे पहिले ऋण, तेथे ही लहान गोष्ट नव्हती. परंतु त्यातून एक विचित्र स्थिती आली. दाओशंग नावाचा थोर भिक्षू जन्माने ‘वेइ’ कुळातला चिनी, त्याचा गुरू फाताय हाही चिनीच. तरी दोघांच्या नावामागे ‘चू’ म्हणजे भारत लागलेला. गुरूच्या देशाचे नाव शिष्याच्या शिष्याला चिकटले. स्वदेश सुटला खरा, पण त्या जागी परदेश येऊन बसला. शिवाय एकाच शास्त्याचे शिष्य चू, आन, ची अशा वेगवेगळ्या नावांत वाटले गेले, जणू त्यांची कुळे वेगळी असावीत.

ही विसंगती ज्याच्या ध्यानात आली, तो आचार्य दाओआन (३१२ ते ३८५). मध्य आशियातून आलेल्या फोतुदंग या आचार्याचा तो शिष्य. त्याचे म्हणणे असे की, सर्व गुरूंचे मूळ शाक्यमुनींपाशी जाते. त्यांच्याहून थोर गुरू नाही. म्हणून जो कोणी भिक्षू होईल, त्याने कोणत्याही देशाचे वा कुळाचे नाव न लावता ‘शी’ हेच कुलनाम घ्यावे. ‘शी’ हे शाक्यमुनी या नामाच्या चिनी लेखनातील पहिले अक्षर. पुढे एकोत्तर आगमाची पोथी चिनी भाषेत उतरली, तेव्हा तिच्यात याच अर्थाचे वचन निघाले, अशी हकीकत सहाव्या शतकात हुइजिआओ याने रचलेल्या भिक्षुचरित्रांत दिली आहे. त्या वचनाचा आशय असा की, चार महानद्या समुद्रास मिळाल्यावर त्यांना नदीचे नाव उरत नाही, त्याप्रमाणे चार वर्णांचे लोक श्रमण झाले म्हणजे सारे शाक्याचेच म्हणविले जातात. दाओआनने ठरविले आणि आगमाने त्यास दुजोरा दिला, असा योग जुळून आल्यामुळे ही रीत कायम झाली. आजही चिनी भिक्षू आणि भिक्षुणी ‘शी’ लावतात. व्हिएतनाममध्ये त्याच अक्षराचा उच्चार ‘थिक’ होतो. २०२२ मध्ये निवर्तलेले प्रसिद्ध भिक्षू थिक न्यात हान्ह यांच्या नावातील पहिला शब्द तोच.

समुद्रास मिळणाऱ्या नद्यांचा दृष्टान्त आपल्या देशास अपरिचित नाही. पाली उदानात तो आहे, आणि मुंडकोपनिषदातही नाम आणि रूप टाकून समुद्रात अस्त पावणाऱ्या नद्या आहेत. मराठीत तर नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, ही म्हण बायाबापड्यांच्या तोंडी असते. फरक एवढाच की, उपनिषदात नाम सुटते ते ज्ञानाच्या अंती. दाओआनने ते दीक्षेच्या दारातच सोडवून घेतले.

इतर मार्गांतही अशी उदाहरणे आहेत. रोमच्या धर्मपीठावर ५३३ मध्ये जो आचार्य बसला, त्याचे नाव मर्क्युरियस, म्हणजे जुन्या रोमन देवतेचे. ते शोभेना म्हणून त्याने योहान हे नाव घेतले, आणि पीठावर येताना नवे नाव घेण्याची प्रथा तेव्हापासून सुरू झाली. गुरू गोविंदसिंगांनी १६९९ मध्ये आनंदपूर येथे खालसाची स्थापना केली, तेव्हा जातिदर्शक नावे बाजूस सारून पुरुषांनी ‘सिंग’ आणि स्त्रियांनी ‘कौर’ लावण्याची रीत शीख पंथात रूढ झाली. पंजाबातील आपल्या जयकृष्णी बंधूंना ही गोष्ट नित्य परिचयाची आहे. तमिळ प्रदेशात १९२९ च्या चेंगलपट्टू येथील स्वाभिमान परिषदेत नावातील जातिवाचक पुच्छ टाकण्याचा ठराव झाला. पण ती चळवळ ईश्वरनिष्ठेतून आलेली नव्हती, म्हणून तिचा येथे केवळ निर्देश पुरे.

आता मुख्य प्रश्न. दाओआनने जे केले, ते परमार्गाने का केले नाही? भटोबास, केसोबास, म्हाइंभट, महदाइसा या सर्वांना एकच नाव लावून पूर्वीची सारी नावे का पुसली नाहीत? ‘भट’, ‘व्यास’, ‘पंडित’, ‘उपाध्ये’ हे शब्द विद्येचे खरे, परंतु त्या काळी विद्या ज्या घरात राहत होती त्या घराचीही खूण ते वागवितात, हे नाकारण्यात अर्थ नाही. वर्णाचा अभिमान टाकून सर्वांना एका मार्गी घेणाऱ्या पंथात ही खूण राहिली, याचे कारण सांगितले पाहिजे.

याचे कारण लीळाचरित्राच्या रचनेत सापडते. स्वामी उत्तरापंथे गेल्यानंतर म्हाइंभटांनी ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते, त्यांच्यापाशी जाऊन लीळा मिळविल्या, आणि भटोबासांपाशी बसून त्या पडताळून घेतल्या. हा ग्रंथ साक्षींचा आहे. साक्षीच्या ग्रंथात साक्षीदाराचे नाव पुसले, तर साक्षच पुसली जाते. कोणत्या गावी, कोणाच्या घरी, कोणासमोर ही लीळा झाली, हे सांगण्यासाठी ज्याला लोक ज्या नावाने ओळखत, तेच नाव राखणे भाग होते. सर्वांना एकच नाव असते, तर महदाइसेचा प्रश्न कोणता आणि बाइसेचा कोणता, हे सातशे वर्षांनंतर कोण सांगू शकले असते? पुढे मूळ पोथ्या नष्ट झाल्या आणि मुखोद्गत पाठांवरून त्या पुन्हा सिद्ध कराव्या लागल्या, तेव्हाही हिराइसेचा पाठ म्हणून तो वेगळा ओळखता आला, तो नावामुळेच. परमार्गात स्मरण करावयाचे ते नाम, लीळा, मूर्ती आणि चेष्टा यांचे. या चतुष्टयात नाम पहिले आहे, आणि ते परमेश्वराचे आहे. भक्ताचे नाव तेथे केवळ लीळेचा साक्षी म्हणून येते. नदीचे नाव समुद्रात उरत नाही हे खरे. पण समुद्र पाहून आलेल्याने कोणत्या वाटेने तो गेला हे सांगताना नदीचे नाव घ्यावेच लागते.

संबंध मात्र सुटला होता, याचे प्रमाण आम्नायांच्या नावांत आहे. भास्करभट्ट बोरीकर हे पुढे आचार्य झाले, आणि त्यांच्या परंपरेला कवीश्वर आम्नाय म्हणतात. बोरीकर आम्नाय म्हणत नाहीत. ग्रंथकर्ता म्हणून बोरीकर हे नाव राहिले, गुरू म्हणून राहिले नाही. शिष्यांनी जन्मगावाचे नाव उचलले नाही, गुरूच्या वाणीचे नाव उचलले. उपाध्ये आम्नायाचे नावही उपाध्यबासांवरून, म्हणजे गुरूवरूनच आले. कारंजेकर, बीडकर अशी महंतांची जी नावे आज चालत आहेत, त्यांत गाव दिसते खरे. पण ते नाव बापाकडून मुलाला जात नाही, गुरूकडून शिष्याला जाते. कोणत्याही गावी, कोणत्याही कुळात जन्मलेला शिष्य गादीवर येताच त्या नावाचा धनी होतो. दिसावयास ते आडनाव आहे. चालीने ते गुरुनाम आहे. चिनी भिक्षूंचे ‘चू’ आणि हे यांत साम्य आहे, आणि ‘चू’मध्ये जो धोका होता तोही येथे आहे. आम्नायनाम हेच कूळ मानून त्याचा अभिमान धरू लागल्यास, सोडलेले गोत्र मागील दाराने परत येते.

स्त्रीनामांविषयी थोडेसे सांगणे अवश्य आहे. लीळाचरित्रातील स्त्रिया बहुधा स्वतःच्या नावाने येतात. महदाइसा कोणाची कन्या, कोणाची चुलत बहीण हे आपणांस ठाऊक आहे. पण ग्रंथात ती प्रश्न विचारते, ढवळे गाते, वाद घालते, ती महदाइसा म्हणूनच. पुढे समाजात विवाहाबरोबर स्त्रीचे नाव, मधले नाव आणि आडनाव तिन्ही बदलण्याची चाल पडली. तिच्या तुलनेत तेराव्या शतकातील ही नावे अधिक मोकळी वाटतात. महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये असा निर्णय घेतला की, १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या बालकाच्या शासकीय कागदपत्रांत प्रथम बालकाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम असावा. गौतमीपुत्राच्या देशात आईचे नाव कागदावर परत येण्यास पुष्कळ शतके लागली.

उपदेशी आणि वासनिक जनांनी आपापली आडनावे लावावीत, त्यात आचाराची कोणतीही हानी नाही. ज्याला संसार आहे, त्याला संबंधियांचा संबंधही आहे. प्रश्न पडतो तो अनुसरलेल्यांना. शाळेच्या दाखल्यावर जन्माचे नाव आणि बापाचे नाव. मार्गात सर्वजण हाक मारतात ते नाव वेगळे. आणि अर्जातील रकाना विचारतो, वडिलांचे नाव काय? या रकान्यापुढे अनेक भिक्षुकांची लेखणी अडखळते. या बाबतीत परराष्ट्र मंत्रालयाने डिसेंबर २०१६ मध्ये पारपत्राचे जे नियम सुलभ केले, त्यांत साधू व संन्यासी यांना मातापित्यांच्या नावाच्या जागी गुरूचे नाव देण्याची मुभा ठेवली आहे. अट एकच आहे की, मतदार ओळखपत्र, पॅन, आधार अशांसारख्या निदान एका सार्वजनिक कागदपत्रात आईवडिलांच्या रकान्यात गुरूचे नाव आधीच नोंदलेले असावे. ज्यांना पुढेमागे अशा कागदाची गरज पडणार आहे, त्यांनी पहिली दुरुस्ती तेथेच करून घेणे सोयीचे.